गाडी नाण्यावर, नाणं रस्त्यावर

बारा रुपयांचं तिकीट होतं. गृहस्थांनी दहाची नोट पुढे केली आणि तिच्यावर दोनाचं नाणं ठेवलं. कंडक्टरनं नोट बोटांच्या बेचक्यात खोवली, नाणं अंगठ्यानं उलटंपालटं केलं, खिडकीतून येणाऱ्या उजेडात धरलं आणि परत केलं.

"काका, दुसरं द्या."

"का? काय झालं?"

"ह्याच्यावर हत्ती आहे."

"आहेच. रेल्वेचा हत्ती आहे तो."

"मग रेल्वेत चालवा."

बसमधल्या चारपाच जणांनी माना वळवल्या. गृहस्थ निवृत्त होते, म्हणजे वादाला लागणारा वेळ त्यांच्याकडे मुबलक होता. कंडक्टरकडे वेळ नव्हता, पण घंटीची दोरी होती. अशा सामन्यात दोरीच जिंकते. गृहस्थांनी मुकाट्यानं दहाची नोट परत घेतली आणि वीसची काढली. कंडक्टरकडे सुट्टे आठ रुपये नव्हते. त्यानं तिकिटाच्या मागे आठचा आकडा लिहिला, त्याला गोल केला आणि "उतरताना घ्या" म्हणून तो पुढच्या सीटकडे सरकला. तिकिटामागचा हा आठचा आकडा म्हणजे हुंडी. ती वटते की नाही, हे शेवटच्या थांब्यापर्यंत कळत नाही.

खरं तर कायदा गृहस्थांच्या बाजूचा होता. 2011 च्या नाणेविषयक कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरच्या नाण्यांनी हजार रुपयांपर्यंतचं देणं भागवता येतं. नाण्यावर सिंह, हत्ती की अंगठा, असा भेद त्यात नाही. दहाच्या नाण्याची तर इतकी रूपं निघाली की जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की बाजारातले चौदाच्या चौदा नमुने खरे आहेत, घ्या हो. पण कायदा पुस्तकात असतो आणि कंडक्टर दारात.

परत आलेलं ते नाणं जरा जवळून बघण्यासारखं आहे. 2003 सालचं, तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूचं, सहा ग्रॅमच्या आसपास वजनाचं. त्या काळातल्या दोनाच्या इतर नाण्यांसारखे यालाही अकरा कोपरे. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह. दुसऱ्या बाजूला मात्र हातात कंदील घेतलेला एक गोलमटोल हत्ती दोन पायांवर उभा. हा भोलू, रेल्वेचा गार्ड. हिंदुस्थानातल्या आगगाडीला दीडशे वर्षं झाली त्याची ही आठवण. इंजिन नाही, डबा नाही, रूळ नाहीत. गाडीच्या इतिहासाची सगळी जबाबदारी एका हत्तीवर.

भोलूला अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं घडवलं. 16 एप्रिल 2002 रोजी बंगळुरूच्या फलाटावर हिरवा दिवा दाखवून त्यानं कर्नाटक एक्स्प्रेस सोडली आणि नोकरीला सुरुवात केली. उत्सव संपल्यावर त्याला घरी पाठवायचं होतं म्हणे, पण सरकारी खात्यात एकदा चिकटलेल्याला कोण काढणार? पुढच्याच वर्षी तो रेल्वेचा कायमचा शुभंकर झाला आणि नाण्यावरही चढला. मूळ चित्रातला त्याचा दिवा हिरवा आहे. नाण्यात रंग येत नाही, त्यामुळे गाडी सुटणार की थांबणार, हे बघणाऱ्यानं आपापल्या श्रद्धेप्रमाणे ठरवायचं. रोज लोकलनं जाणाऱ्यांना यात काही वेगळं वाटणार नाही.

जानेवारी 2022 मध्ये रेल्वेनं गार्ड हे पदनाम बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं. कागदावर भोलूही मॅनेजर झाला असेल, पण नाण्यावर तो वीस वर्षं गार्डच आहे. धातूवर खाडाखोड करून शेजारी सही मारता येत नाही.

आणखी एक गंमत आसामकडची. तिकडे हत्तींचे कळप रुळांवर येतात आणि गाडीखाली सापडतात. त्यांना दूर ठेवायला ईशान्य सीमांत रेल्वेनं फाटकांपाशी भोंगे बसवले आणि त्यांतून मधमाश्यांची गुणगुण ऐकवायला सुरुवात केली. हत्ती मधमाश्यांना भितो. म्हणजे एकच खातं नाण्यावर हत्तीच्या हाती कंदील देतं आणि जंगलात त्याच्या कानाशी माश्या सोडतं. खात्याला दोष देण्यात अर्थ नाही. नाण्यावरचा हत्ती वेळेवर कामाला येतो, जंगलातला स्वतःच्या वेळापत्रकानं चालतो.

नाण्यामागचा मूळ प्रसंग म्हणजे 16 एप्रिल 1853. दुपारी साडेतीनच्या पुढे बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी निघाली. चारशे पाहुणे आत, बाहेर एकवीस तोफांची सलामी आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. ठाणं गाठायला चौतीस किलोमीटर. या रेल्वेसाठी खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट होते. रेल्वे कंपनीच्या कामाला त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली होती. नाण्यावर सुलतान चालला असता, नाना तर नक्कीच चालले असते. पण समितीच्या बैठकीत जेव्हा कुणालाच कुणाला दुखवायचं नसतं, तेव्हा सर्वानुमते हत्ती येतो.

त्या चारशे जणांना कुणी तिकीट मागितलं असेल असं वाटत नाही, सगळे निमंत्रित. म्हणजे ज्या प्रवासाच्या स्मरणार्थ नाणं पाडलं, त्या प्रवासात नाण्याला काही काम नव्हतं. खरी खडाजंगी पुढे, सामान्य माणूस गाडीत चढल्यावर सुरू झाली. मुंबईत 9 मे 1874 ला घोड्यांची ट्राम निघाली. कुलाबा ते पायधुणी तीन आणे, आणि सुरुवातीला तिकीटच देत नसत. तीन आणे दिले की बसायचं. तिकीट नाही म्हणजे त्याच्या मागे आकडा लिहिण्याची सोयही नाही. पुढे भाडं दोन आण्यांवर आलं आणि तिकिटंही आली. 1907 मध्ये घोडे जाऊन वीज आली आणि 31 मार्च 1964 ला ट्रामच गेली.

ट्रामच्या शेवटच्या वर्षांत नाण्यांनी कंडक्टरचा चांगलाच सूड घेतला. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तोवर रुपयाचे सोळा आणे होते, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा पैसे. पाव पैसा कुठून आणणार? म्हणून कोष्टक निघालं: एका आण्याचे सहा, दोनाचे बारा आणि तीनाचे एकोणीस. म्हणजे ज्यानं आणा-आणा करून तीनदा दिला त्याचे अठरा आणि एकदम दिला त्याचे एकोणीस. पावणेएकोणिसाच्या या वादात मुंबईच्या ट्राम आणि बस किती वेळा खोळंबल्या असतील, याचं नाणं कुणी काढलेलं नाही.

वाहन नाण्यावर चढवण्याची हौस मात्र जुनी आहे आणि घरचीच आहे. दुसऱ्या शतकात यज्ञश्री सातकर्णीनं शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज कोरवलं. सातवाहनांची राजधानी पैठण, गोदावरीकाठी. ही नाणी मात्र सापडतात पूर्वेच्या आंध्र किनाऱ्याकडे, जिथून दूरचा व्यापार चाले. जहाज तरंगणारं, शिसं बुडणारं. तरी राजाला दोन्ही एका जागी आणायला भीती वाटली नाही. जहाजावरून येणाऱ्या जकातीची ती जाहिरात होती असं म्हणायला हरकत नाही. उगाच दीडशे वर्षं झाली म्हणून त्यानं नाणं पाडलं नसावं.

वर्धापनदिनाचा हिशेब लावून नाणी पाडण्यात अमेरिकनांचा हात कुणी धरणार नाही. 1999 ते 2008 या दहा वर्षांत त्यांनी पन्नास राज्यांची पन्नास पाव डॉलरची नाणी काढली, वर्षाला पाच, राज्यं ज्या क्रमानं संघात आली त्या क्रमानं. पहिलाच मान डेलावेअरचा. नाण्यावर घोडेस्वार. हे सीझर रॉडनी: दम्याचा आजार, चेहऱ्याला कर्करोग, आणि 1776 च्या जुलैमध्ये पावसातून, गडगडाटातून रात्रभर ऐंशी मैल घोडा दामटून स्वातंत्र्याच्या ठरावावर मत द्यायला फिलाडेल्फियाला पोचलेले. मतदानाच्या दिवशी लागून आलेली सुट्टी बघणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही. एवढं करून झालं काय, तर नाणं हातात आल्यावर कित्येक अमेरिकन म्हणाले, "अरे, हा तर पॉल रिव्हिअर!" रिव्हिअरही रात्री घोड्यावरूनच गेला होता, पण वेगळ्या साली, वेगळ्या गावाला. दौड एकाची, नाव दुसऱ्याचं. आपल्याकडे हे फक्त ऑफिसात होतं असं वाटत होतं.

विमानाचं तर भावकीतलं भांडण. राइट बंधू राहणारे ओहायो राज्यातल्या डेटन गावचे, पण 1903 मध्ये उडाले नॉर्थ कॅरोलायनाच्या वाळूवर. 2001 मध्ये नॉर्थ कॅरोलायनानं आपल्या नाण्यावर ते विमान काढलं. पुढच्याच वर्षी ओहायोनं तेच विमान आपल्या नाण्यावर काढलं आणि कमी पडू नये म्हणून शेजारी अंतराळवीर उभा केला, कारण नील आर्मस्ट्राँग आणि जॉन ग्लेन दोघेही ओहायोचेच. माहेरही सांगणार लेक आमची आणि सासरही सांगणार सून आमची, त्यातला प्रकार. गिरगाव चौपाटीवर 1895 मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथा मुंबईत अजून सांगतात. पुरावा हाती लागत नाही, पण ओहायोला ही बातमी कळवू नये हे बरं.

सगळ्यांत थाटाचं नाणं युटाचं, 2007 सालचं. दोन इंजिनं समोरासमोर आणि मध्ये सोन्याचा खिळा. 10 मे 1869 ला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ प्रॉमंटरी या जागी जोडले गेले, त्या वेळी शेवटचा खिळा खास सोन्याचा होता. समारंभ झाला आणि सोन्याचा खिळा लगेच उपसून काढला. त्या जागी साधा लोखंडी बसला. लग्नापुरते आणलेले दागिने मांडव उतरायच्या आत परत जातात तसा. तो खिळा आता स्टॅनफर्ड विद्यापीठात आहे. खिळ्याचं चित्र पंचवीस सेंटच्या नाण्यावर आहे, ज्यात सोनं औषधालाही नाही.

इंग्रजांना या बाबतीत विनोदबुद्धी जास्त, म्हणजे निदान नाण्याच्या कडेला तरी. लंडनची भुयारी रेल्वे 10 जानेवारी 1863 ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन धावली. दीडशे वर्षं झाली तेव्हा, 2013 मध्ये, त्यांनी दोन पौंडांची दोन नाणी काढली. एकावर भुयारातून बाहेर येणारी गाडी, दुसऱ्यावर भुयारी रेल्वेचं प्रसिद्ध वर्तुळाचं चिन्ह. या दुसऱ्याच्या कडेवर कोरलंय 'माइंड द गॅप'. फलाट आणि गाडी यांच्यामधल्या फटीबद्दलची ती रोजची सूचना. नाणं सीटच्या फटीत पडलं तर त्या वेळी ती वाचता येत नाही, एवढाच दोष.

पुढच्याच वर्षी, जुलै 2014 मध्ये, लंडनच्या बसनी रोख पैसे घेणं बंद केलं. कार्ड लावा. वाहतुकीच्या गौरवाचं कोरं करकरीत नाणं खिशात असलेला लंडनकर त्याच शहराच्या बसमध्ये ते खर्चू शकत नाही! आपल्या कंडक्टरनं निदान हत्तीचं नाव तरी सांगितलं होतं.

त्याच दोन पौंडांच्या नाण्याची आणखी एक कहाणी जुनी आहे. 1997 ची तारीख घालून निघालेल्या साध्या नाण्यावर माणसाच्या तंत्रज्ञानाची वाटचाल वर्तुळावर वर्तुळ काढून दाखवली होती. त्यात यंत्रयुगासाठी दातेरी चाकांची एक माळ आहे: एकात एक अडकलेली, एकूण एकोणीस. आता शेजारशेजारची दोन चाकं नेहमी उलट दिशांनी फिरतात. माळ गोल असेल आणि चाकांची संख्या विषम असेल, तर शेवटच्याला कुठल्या बाजूला फिरावं हेच कळत नाही आणि सगळी माळ जागच्या जागी अडकते. औद्योगिक क्रांती ज्या देशात सुरू झाली, त्या देशाच्या नाण्यावरची क्रांती एक इंचसुद्धा हलत नाही. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता उभं राहिलेल्याला हे चित्र तांत्रिकदृष्ट्या अचूक वाटेल.

वाहन नसलेल्या प्रवासाचंही एक नाणं आहे, आणि ते भारताचं आहे. दांडीयात्रेला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा, 2005 मध्ये, पाच रुपयांचं नाणं निघालं. 12 मार्च 1930 ला गांधीजी साबरमतीहून अठ्ठ्याहत्तर जणांना घेऊन निघाले, तेव्हा ते साठी उलटलेले होते. सुमारे 385 किलोमीटर, सगळे पायी. या तुकडीत संगीतकार नारायण मोरेश्वर खरे होते, त्यामुळे वाटेत भजनाची अडचण नव्हती. गांधीजींना चालवलंच नाही तर म्हणून एक घोडा बरोबर घेतला होता. त्यावर ते बसले नाहीत. सबंध यात्रेत सगळ्यांत आरामात कोण गेलं असेल तर तो रिकामा घोडा, आणि नाण्यावर नेमका तोच नाही. एका राज्याला हादरवणारा प्रवास बिनतिकिटाचा, बिनइंधनाचा आणि बिनवाहनाचा झाला, हे पाच रुपयांत कळतं. वाहतूक खात्यांनी हे नाणं फारसं मिरवू नये हे साहजिकच आहे.

एक जहाजही आहे, त्यावर विनोद करवत नाही. 1914 मध्ये कोमागाटा मारू ही बोट 376 प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचली. बहुतेक शीख. दोन महिने बंदरात उभी ठेवून कॅनडानं तिला परत पाठवलं, आणि कलकत्त्याजवळ बजबज इथे उतरताना गोळीबारात त्यांतले कितीतरी जण मेले. शंभर वर्षांनी भारतानं त्या बोटीचं नाणं काढलं. आपलेच लोक दारातून परत पाठवले गेले, याची आठवण हातोहात फिरावी, एवढं तरी झालं.

आता जे फिरतच नाही त्या नाण्यांकडे. दर स्मारक नाण्याबरोबर बहुधा शंभराचंही एक निघायचं: 44 मिलिमीटर रुंद, पस्तीस ग्रॅमचं, निम्मी चांदी. टांकसाळीतून ते मखमली डबीत यायचं. त्यावर लिहिलंय शंभर रुपये, विकत घ्यायचं तर त्याच्या कितीतरी पट. रेल्वेचंही असं शंभराचं निघालं. संग्राहक त्याला उघड्या बोटांनी शिवत नाहीत; कडेला धरतात, तेही मोजे घालून. या नाण्यानं आयुष्यात एकदाही प्रवास केलेला नसतो. टांकसाळ ते कपाट, बस्स. प्रवासाचं नाणं जितकं मौल्यवान, तितका त्याचा प्रवास कमी, असा हिशेब दिसतो. उलट हत्तीच्या दोन रुपयांनी दूधवाला, भाजीवाली, देवळातली पेटी आणि स्टेशनवरचं वजनकाट्याचं यंत्र असा सगळा मुलूख पाहिला. तिथून पडलेल्या पुठ्ठ्याच्या तिकिटावर एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. त्यातलं निदान वजन खोटं असावं, अशी प्रत्येकाची इच्छा.

सगळ्यांत अस्सल प्रवासी नाणं मात्र कुणाच्याही स्मरणार्थ काढलेलं नव्हतं. 2007 पासून काही वर्षं नृत्यमुद्रांची नाणी निघाली. दोनाच्या नाण्यावर दोन बोटं वर, रुपयावर अंगठा वर. मुद्रा भरतनाट्यमची की कथकची हे नर्तकांनी बघावं. रस्त्यावरच्या माणसाला रुपयावर दिसतो तो हमरस्त्याच्या कडेला लिफ्ट मागणाऱ्याचा अंगठा.

उद्या एसटीसाठी एखादं नाणं काढायचं ठरलंच, तर टांकसाळीतल्या चित्रकारांना एवढीच विनंती आहे की बस काढू नये. पुणे ते अहमदनगर या मार्गावर 1 जून 1948 ला ती सुरू झाली, ती सगळ्यांनी पाहिली आहे. काढायचीच तर कंडक्टरची चामड्याची पिशवी काढावी, तोंड अर्धवट उघडं. आत किती सुट्टे आहेत ते दिसता कामा नये. आणि काट्याच्या बाजूला फक्त एक आकडा, त्याला गोल केलेला.

शेवटचा थांबा आला. गृहस्थ मागच्या दारातून न उतरता कंडक्टरपाशी गेले आणि त्यांनी तिकीट उलटं करून दाखवलं. आठ. कंडक्टरनं पिशवीत हात घातला, तळ ढवळला, आणि एकेक करून त्यांच्या हातावर नाणी ठेवली. पाचाचं एक, त्यावर काठी घेऊन निघालेले गांधीजी आणि मागे माणसं. दोनाचं एक साधं.

"हे चालतं का?" गृहस्थांनी पाचाकडे बोट दाखवून विचारलं.

"न चालायला काय झालं?" कंडक्टर म्हणाला. "गांधीजी आहेत त्याच्यावर."

मग त्यानं पुन्हा पिशवीत हात घातला, बराच वेळ चाचपलं, आणि उरलेला एक रुपया काढून गृहस्थांच्या तळव्यावर ठेवला, अंगठ्याची बाजू वर करून.